'डी' लो आलंय म्हणजे नेमकं काय झालंय?

लालबागमधल्या एका सोसायटीत गेल्या महिन्यात आरोग्य तपासणीचं शिबिर झालं. पुढच्या आठ दिवसांत तिथले अकरा जण माझ्या दवाखान्यात आले. वयं छत्तीसपासून एकाहत्तरपर्यंत. तक्रार कोणाचीच नव्हती, पण प्रत्येकाच्या फाइलमध्ये एक ओळ ठळक छापलेली होती: व्हिटॅमिन डी, लो. कोणाचं १४, कोणाचं १९, एका काकांचं २७. काकांनी तर रिपोर्ट हातात पडला त्याच संध्याकाळी केमिस्टकडून 'सिक्स्टी के'च्या, म्हणजे डीच्या ६०,००० युनिटच्या, गोळ्या आणून दोन घेऊनही टाकल्या होत्या. "डॉक्टर, आपल्याकडे एवढं ऊन, मग माझं डी कमी कसं? आणि आता माझी हाडं ठिसूळ होणार का?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर दोन मिनिटांत देता येतं. दुसऱ्याला वेळ लागतो आणि बाहेर दहा जण बसलेले असताना तेवढा वेळ मिळत नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

हे 'डी' शरीरात करतं काय?

व्हिटॅमिन म्हटलं की ते खाण्यातून मिळतं असं आपण धरून चालतो. डी मात्र मुख्यतः आपल्या कातडीत तयार होतं, उन्हातल्या अतिनील किरणांमुळे. तिथून ते यकृतात जातं. यकृत त्याचं साठवणीचं रूप बनवतं आणि ते रक्तात फिरत राहतं. गरज पडेल तसं मूत्रपिंड त्यातलं थोडं घेऊन कामाचं रूप तयार करतं. लॅबवाले मोजतात ते साठवणीचं रूप. रिपोर्टवर '२५ हायड्रॉक्सी' असं लांबलचक नाव असतं ते त्याचंच.

इमारतीच्या गच्चीवरची टाकी डोळ्यांसमोर आणा. रक्तातला साठा म्हणजे ती टाकी आणि मूत्रपिंड म्हणजे व्हॉल्व्ह सोडणारा माणूस. टाकी अर्धी असो की काठोकाठ, तो सोडेल तेवढंच पाणी तुमच्या स्वयंपाकघरात येतं. टाकी तळाला गेली की मात्र नळ फुसफुसायला लागतात. आणि टाकी ओसंडून वाहिली म्हणून नळाची धार काही वाढत नाही. पुढचं बरंचसं या एका टाकीवरून समजेल.

हे पाणी लागतं मुख्यतः आतड्यातून कॅल्शियम शोषून घ्यायला. हृदयाचे ठोके, स्नायू, मज्जातंतू यांना रक्तात कॅल्शियम ठरावीकच लागतं आणि त्यात शरीर तडजोड करत नाही. डी फारच कमी पडलं की खाल्लेल्या कॅल्शियमपैकी दहा-पंधरा टक्केच आत जातं. मग गळ्यातल्या चार छोट्या पॅराथायरॉइड ग्रंथी जाग्या होतात आणि हाडांत ठेवलेली ठेव मोडून रक्ताची गरज भागवतात. हे महिनोन्‌महिने चाललं की लहान मुलांत मुडदूस होतो, पाय धनुष्यासारखे वाकतात. मोठ्या माणसांची हाडं मऊ पडतात आणि ठणकतात.

मऊ पडणं आणि ठिसूळ होणं हे दोन वेगळे आजार आहेत, हे इथेच सांगते. वयानुसार, पाळी गेल्यावर, स्टिरॉइडमुळे हाडं ठिसूळ होतात, त्याला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. तो एकट्या डीच्या गोळ्यांनी बरा होत नाही, त्याची औषधं निराळी. काकांच्या मनात या दोन्हींची सरमिसळ झाली होती, आणि बहुतेकांच्या मनात ती असते.

मुडदुसाचा आणि डीचा संबंध कळून आता शंभरहून जास्त वर्षं झाली. १९१९ साली इंग्लंडमध्ये एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्याच्या पिल्लांना मुडदूस करून कॉड माशाच्या तेलाने तो टाळून दाखवला. त्याच वर्षी बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेली मुलं अतिनील दिव्याखाली बसवून बरी केली. म्हणजे हाडांसाठी डी हवंच, यात वाद नाही. वाद आहे तो किती हवं आणि हाडांपलीकडे ते काय काय करतं, याचा.

उन्हाच्या मुंबईत कमतरता कशी?

केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी मुंबईतल्या २५ ते ३५ वयाच्या हजाराहून जास्त निरोगी तरुणांची तपासणी केली होती, ती २०११ साली प्रसिद्ध झाली. त्यातल्या सुमारे ७० टक्के जणांची पातळी २० च्या खाली होती.

आपला दिवस पाहिला तर यात नवल नाही. सकाळी सात-पन्नासची लोकल, दिवसभर ऑफिस, घरी परत येईपर्यंत अंधार. लोकलच्या, टॅक्सीच्या, ऑफिसच्या काचेतून ऊन अंगावर येतं खरं, पण डी तयार करणारे किरण काच अडवते. इमारती इतक्या खेटून उभ्या की तळमजल्याच्या खोलीत दुपारीही दिवा लावावा लागतो. पावसाळ्याचे चार महिने ढगात जातात. आपली सावळी कातडी जळण्यापासून आपल्याला वाचवते, पण त्यामुळेच तेवढं डी करायला तिला गोऱ्या कातडीपेक्षा जास्त वेळ लागतो.

आणि ते कोवळं ऊन! आजीपासून बालरोगतज्ज्ञापर्यंत सगळ्यांनी आपल्याला कोवळ्या उन्हात बसायला सांगितलं. सकाळच्या फेरीचे फायदे पुष्कळ आहेत, ती सोडू नका. पण सूर्य क्षितिजाजवळ असताना हे किरण हवेच्या जाड थरातच अडतात आणि आपल्यापर्यंत फार थोडे पोचतात. ओळखायची खूण सोपी आहे. उन्हात उभं राहून आपली सावली बघा. ती आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर कातडीत डी तयार होतंय, लांब असेल तर जवळपास नाही. मुंबईत ती वेळ साधारण अकरा ते तीनची. हात, चेहरा, पोटऱ्या उघड्या ठेवून, कातडी चुरचुरायच्या आत सावलीत यायचं.

खाण्यातून फार थोडं मिळतं. तारली आणि बांगडा यांसारख्या तेलकट माशांत ते चांगलं असतं, अंड्याच्या बलकात थोडं. दुधात मुळात ते नगण्य असतं. पिशवीवर अधिक चिन्ह आणि 'एफ' अशी खूण असेल तर त्यात अ आणि ड वरून घातलेलं असतं.

वीस की तीस? पंगतीचा हिशोब

आता त्या ठळक छापलेल्या ओळीकडे येऊ. अमुक आकड्याखाली 'लो' हे ठरवलं कोणी?

समजा, घरचं लग्न आहे. माणसं सरासरी तीन पुऱ्या खातात, पण कोणीही अर्धपोटी उठू नये म्हणून आचारी माणशी पाच धरतो. पंगतीत एकाने चार खाल्ल्या आणि तृप्त होऊन हात धुतला. त्याला 'तू उपाशी राहिलास' असं कोणी म्हणेल का?

डीच्या बाबतीत नेमकं हे झालं. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०११ च्या अहवालात सांगितलं की हाडांसाठी माणसांची सरासरी गरज एका मिलिलिटर रक्तात १६ नॅनोग्रॅमच्या आसपास डी असलं की भागते आणि २० असेल तर जवळजवळ प्रत्येकाची भागते. म्हणजे २० हा आचाऱ्याचा, सगळ्यांना पुरवून धरलेला आकडा. पण रिपोर्टवर तोच प्रत्येकाचा किमान आकडा बनला, आणि १७ वाला माणूस पोट भरलेलं असूनही उपाशी ठरला. खरी काळजी १२ च्या खाली सुरू होते. मुडदूस आणि मऊ हाडं दिसतात ती तिथल्या माणसांत, आणि त्यातही कॅल्शियम कमी खाणाऱ्यांत जास्त.

त्याच २०११ साली अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटी या हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनेने मात्र ३० हवेत असं सांगितलं. जगभरच्या लॅबनी तो आकडा उचलला आणि एका रात्रीत कोट्यवधी माणसं 'लो' झाली. पुढे २०२४ साली याच संघटनेने नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात ३० चं लक्ष्य सोडून दिलं आणि तक्रार नसलेल्या निरोगी मोठ्या माणसांची सरसकट डी तपासणी करू नये असं सुचवलं. सावळ्या कातडीच्या किंवा वजन जास्त असलेल्या माणसांचीही केवळ तेवढ्या कारणाने नाही. आपल्या कितीतरी रिपोर्टांवर ३० अजून तसाच आहे. काकांचं २७ 'लो' ठरलं ते त्यामुळे.

"पण ज्यांचं डी कमी, ते जास्त आजारी असतात ना?"

असतात. हृदयविकार, मधुमेह, कॅन्सर, नैराश्य, ज्या आजाराचे रुग्ण तपासाल त्यांच्यात डी कमी सापडतं. प्रश्न आहे, कशामुळे काय झालं?

आझाद मैदानावर दुपारभर क्रिकेट खेळणाऱ्या पोरांचं डी तपासा. छान असेल. त्यांचा दमही छान असेल. दम डीमुळे आला का? दोन्ही आले ते मैदानामुळे. उलट, जो माणूस आजारी आहे तो घराबाहेर पडत नाही, त्याचं डी उतरतं. शरीरात कुठेही दाह असला तरी रक्तातली ही पातळी खाली येते. म्हणजे पुष्कळदा कमी डी हे आजाराचं कारण नसतं, ती आजाराची सावली असते.

हे तपासायचं तर हजारो माणसांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे, एकाला डी, दुसऱ्याला तशीच दिसणारी रिकामी गोळी, आणि काही वर्षं थांबायचं. 'व्हायटल' नावाच्या अमेरिकी अभ्यासात हेच केलं. २५,८७१ माणसं, रोज २,००० युनिट, साधारण पाच वर्षं. कॅन्सर कमी झाले नाहीत, हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत, आणि २०२२ साली कळलं की हाडं मोडणंही कमी झालं नाही. शरीर स्वतःवरच उलटतं तसे संधिवातासारखे आजार थोडे कमी दिसले, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवं. ऑस्ट्रेलियात एकवीस हजारांहून जास्त वयस्करांना पाच वर्षं दर महिन्याला ६०,००० युनिट दिले, म्हणजे आपलं 'सिक्स्टी के'च. मृत्यूंत फरक पडला नाही.

"ते परदेशी लोक, त्यांची पातळी मुळात चांगली होती"

हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो, आणि तो अर्धा खरा आहे. 'व्हायटल'मधल्या माणसांची सरासरी पातळी सुरुवातीलाच ३० च्या आसपास होती. भरलेल्या टाकीत पाणी ओतून नळाची धार वाढली नाही, यात आश्चर्य ते काय?

म्हणून मंगोलियातला अभ्यास महत्त्वाचा. तिथल्या ८,८५१ शाळकरी मुलांपैकी ९५ टक्क्यांहून जास्त मुलांची पातळी २० च्या खाली होती. म्हणजे आपल्यासारखीच किंवा आपल्याहून वाईट. त्यांना तीन वर्षं दर आठवड्याला १४,००० युनिट दिले. पातळी झकास वर गेली. पण ज्यासाठी हे सगळं केलं होतं तो क्षयाचा संसर्ग गोळी घेणाऱ्यांत आणि न घेणाऱ्यांत सारखाच राहिला. क्षयाच्या रुग्णांना 'डी घ्या, बरे व्हाल' असं सांगणाऱ्यांनी हा निकाल नीट वाचावा.

याचा अर्थ डी कुचकामी आहे असा मुळीच नाही. रिकाम्या टाकीत पाणी टाकल्यावर हाडं सुधारतात हे आम्ही डोळ्यांनी बघतो. पण हाडांसाठी खात्रीने उपयोगी असलेली गोष्ट इतर प्रत्येक आजारावर रामबाण म्हणून विकली जाते, तेव्हा पुरावा मागायचा.

"घेतलं तर बिघडलं कुठे?"

'सिक्स्टी के' म्हणजे ६०,००० युनिट. आपली रोजची गरज आयसीएमआरने, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, धरली आहे ६०० युनिट. म्हणजे एका गोळीत शंभर दिवसांचा रतीब. ती आठवड्यातून एक, आठ आठवडे, अशी खरी कमतरता असलेल्या माणसाला द्यायची असते.

चार वर्षांपूर्वी सत्तरीतल्या एका आजोबांना त्यांच्या सूनबाई माझ्याकडे घेऊन आल्या. उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान आणि दोन दिवसांपासून असंबद्ध बोलणं. घरच्यांना वाटलं, विसरभोळेपणा वाढला. मी औषधांची पिशवी रिकामी करायला सांगितली तेव्हा डीच्या रिकाम्या पुड्यांचा गठ्ठा निघाला. आठवड्यातून एक लिहिलेली पुडी ते रोज रात्री दुधातून घेत होते, दोन महिने. छत्तीस लाख युनिट. रक्तातलं कॅल्शियम १४ झालं होतं, साडेदहाच्या वर जायला नको ते. मूत्रपिंडांवर ताण आला होता. दवाखान्यात भरती करून सलाइन देऊन ते सावरले, पण डी चरबीत साठतं, लघवीवाटे निघून जात नाही, त्यामुळे पुढचे कित्येक आठवडे कॅल्शियमवर लक्ष ठेवावं लागलं.

लिहिणाऱ्याचं अक्षर, देणाऱ्याची घाई, घेणाऱ्याचा भाबडा विश्वास, तिन्ही मिळून असा प्रसंग घडतो. म्हणून आता मी चिठ्ठीवर 'दर रविवारी' असं मराठीत मोठ्या अक्षरात लिहिते, आणि आठच पुड्या लिहून देते.

एवढी चूक झाली नाही तरी मोठा डोस निरुपद्रवी नसतो. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या २,२५६ बायकांना वर्षातून एकदाच पाच लाख युनिट दिले. हाडं वाचावीत हा हेतू. २०१० साली निकाल आला तेव्हा डी घेणाऱ्या बायका १५ टक्के जास्त पडल्या होत्या आणि त्यांची हाडं २६ टक्के जास्त मोडली होती. म्हणून पन्नाशीपुढच्यांना गरज असलीच तर मोठ्या उडीपेक्षा रोजचा छोटा डोस बरा, असं नवी तत्त्वं सांगतात. कमतरतेसाठी लाखांत डोस असलेलं इंजेक्शन 'एकदा टोचून मोकळं व्हा' म्हणून कोणी सुचवलं तर आधी कारण विचारा.

"मला तर गोळ्यांनी बरं वाटलं"

पातळी खरोखर तळाला असेल तर वाटणारच. बाकीच्यांच्या थकव्यामागे पुष्कळदा हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह, झोप किंवा रोजचा चार तासांचा प्रवास असतो. कंबरदुखी बरीचशी आपोआपही ओसरते, आणि श्रेय त्या वेळी चालू असलेल्या गोळीला मिळतं. मला चिंता आहे ती ही, की डी सापडलं म्हणून पुढचा शोध थांबतो. थायरॉइड तसाच राहतो.

मग टेस्ट कोणाची करायची?

टेस्ट करण्याआधी मी स्वतःला एकच विचारते: आकडा काहीही आला तरी मी तेच सांगणार असेन, तर हजार-दीड हजार रुपये कशाला? सोसायटीतल्या अकरा जणांपैकी दहांना मी तेच सांगितलं जे टेस्टशिवाय सांगितलं असतं. दुपारचं थोडं ऊन, दूध-नाचणी-तीळ, चालणं. काकांच्या उरलेल्या गोळ्या बंद.

अकरावी बाई फिट्सची गोळी बारा वर्षं घेत होती. फेनिटॉइनसारखी औषधं डी लवकर मोडीत काढतात. तिची टेस्ट योग्यच होती आणि उपचारही. तसंच किरकोळ पडण्याने हाड मोडलं असेल, ऑस्टिओपोरोसिसचं औषध सुरू करायचं असेल, मूत्रपिंडाचा किंवा आतड्याचा जुना आजार असेल, स्टिरॉइड दीर्घकाळ चालू असेल, रक्तात कॅल्शियम कमी किंवा अल्कलाइन फॉस्फटेज (हाडं मऊ पडली की वाढणारं एक एन्झाइम) जास्त आलं असेल, तर टेस्ट जरूर करावी. क्षयाचे रुग्ण थोडे वेगळे. रिफॅम्पिसिन या क्षयाच्या औषधाने डी उतरतं, पण क्षयाच्या गाठी स्वतःच डीचं कामाचं रूप बनवून कॅल्शियम चढवू शकतात, म्हणून त्यांनी स्वतःच्या मनाने मोठा डोस घेऊ नये. उपचार सुरू केल्यावर पुन्हा तपासायचं ते तीन महिन्यांनी. महिन्याभरात आकडा स्थिरावत नाही.

काहींना मात्र टेस्ट न करताच डी द्यायचं. अंगावर पिणाऱ्या बाळाला पहिलं वर्षभर रोज ४०० युनिटचे थेंब. २०२४ ची तत्त्वं १ ते १८ वर्षांची मुलं, गरोदर बायका, पंचाहत्तरीपुढची माणसं आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले लोक यांची नावं घेतात. मधुमेहाबाबत पुरावा अजून पातळ आहे, असं माझं मत. पंचाहत्तरीच्या आतल्या बाकी सगळ्या निरोगी माणसांना रोजच्या गरजेपेक्षा जास्त नको.

आणि आता ज्यांच्यासाठी ही टेस्ट खरी आहे त्यांच्याविषयी. ही माणसं शिबिरात येत नाहीत. मागच्या वर्षी चौतीस वर्षांची एक बाई आली. एका खोलीत शिलाई मशीनवर दिवसाचे दहा तास, खिडकी समोरच्या भिंतीत उघडणारी. दोन वर्षं कंबर, मांड्या, बरगड्या दुखत होत्या. एकाने कंबरेचा पट्टा दिला, एकाने वेदनाशामक, एकाने सांगितलं टेन्शन आहे. मी त्यांना जमिनीवर बसून उठायला सांगितलं. हातांनी मांड्या धरल्याशिवाय त्यांना उठता येईना, आणि चालणं बदकासारखं डुलत. स्वस्तातली अल्कलाइन फॉस्फटेज दुपटीहून जास्त, कॅल्शियम काठावर. डी आलं ५. टाकी खरोखर कोरडी होती.

आठ आठवडे दर रविवारी एक पुडी, सोबत कॅल्शियम, मग रोजचा छोटा डोस. तीन महिन्यांनी त्या आल्या तेव्हा मी काही म्हणायच्या आत त्यांनी पर्स खुर्चीवर ठेवली, फरशीवर मांडी घातली आणि हात न टेकता उभ्या राहिल्या. दारात पंधरा वर्षांची मुलगी उभी होती, त्याच खोलीत राहणारी.

"डॉक्टर, हिची पण टेस्ट करू का? पैसे आणलेत मी."

"काही दुखतं का गं तुझं? जिने चढताना?"

मुलीने मान हलवली. नाही.

"मग टेस्ट नको, ताई. हिला रोज सहाशे युनिट चालू करू, वाढत्या वयाला ते तसंही द्यायचंच असतं. आणि त्या पैशांचं महिनाभर जास्तीचं दूध येईल."